घरातील ढेकूण : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत ढेकणांविषयीची पत्रे इतकी आली की, या वेळचे सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. पत्रे चाळताना एक गोष्ट लक्षात आली. वाळवी, मुंग्या किंवा पाली यांच्याविषयी विचारणारे वाचक आपले नाव-गाव बिनदिक्कत कळवतात. ढेकणांविषयी लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने मात्र ‘कृपया नाव छापू नये’ अशी ओळ शेवटी जोडलेली आहे. ती विनंती आम्ही पाळली आहे. तरीही या संकोचाचे मूळ गैरसमजात आहे आणि ढेकणांचे फावते ते बरेचसे या संकोचामुळेच, हे उत्तरांच्या ओघात सांगावे लागणार आहे.

प्रश्न : आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. मार्च महिन्यात बॉक्सच्या पलंगात ढेकूण आढळले म्हणून फवारणी करून घेतली. पंधरा-वीस दिवस बरे गेले आणि पुन्हा चावे सुरू झाले. जूनमध्ये दुसरी फवारणी केली, गादीही नवी घेतली. जुलै संपता संपता पुन्हा तेच. घर रोज झाडून-पुसून लख्ख ठेवतो. आमचे नेमके काय चुकते आहे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या पत्रातल्या तारखाच बरेच काही सांगतात. मार्च आणि जून या दोन फवारण्यांच्या मधल्या काळात ढेकणांच्या जवळजवळ दोन पिढ्या होऊन गेल्या, आणि म्हणून दुसरी फवारणी ही दुसरी राहिलीच नाही. ती पुन्हा एकदा केलेली पहिली फवारणी ठरली.

ढेकणाचे वेळापत्रक समजून घेतले की हे स्पष्ट होते. मादी दिवसाला एक ते पाच अंडी घालते आणि ती चिकट स्रावाने लाकडाच्या फटीत किंवा कापडाच्या टाक्यात घट्ट डकवून ठेवते. अंडे सुमारे १ मिलिमीटर लांब, खसखशीच्या दाण्याएवढे पण किंचित लांबट आणि मोतिया पांढरे असते. बाजारातील बहुतेक फवाऱ्यांचा या अंड्यांवर फारसा परिणाम होत नाही. आपल्याकडच्या उबदार हवेत ती ६ ते १० दिवसांत फुटतात. बाहेर पडलेले पिल्लू प्रौढ होईपर्यंत पाच वेळा कात टाकते, प्रत्येक कातीआधी त्याला एकदा पोटभर रक्त लागते, आणि हे सर्व सुरळीत झाले तर पाच-सहा आठवड्यांत ते स्वतः अंडी घालू लागते. याचाच अर्थ असा की, पहिल्या फवारणीनंतर सगळी अंडी फुटलेली आहेत पण एकही पिल्लू वयात आलेले नाही, अशी एक मुदत मिळते. ही मुदत साधारण बाराव्या ते विसाव्या दिवसाची. दुसरी फवारणी तिच्यातच झाली पाहिजे, आणि वस्ती मोठी असेल तर तेवढ्याच अंतराने तिसरीही. पहिल्या फवारणीनंतरचे आपले पंधरा-वीस दिवस ‘बरे गेले’, याचेही कारण हेच आहे. मोठे ढेकूण मेले होते आणि पिल्ले इतकी लहान होती की त्यांचे चावे कोणाच्या लक्षात आले नाहीत.

दुसरा मुद्दा फवारणी कुठे झाली याचा. पाठीला पंप लावलेला माणूस येतो, गादीवर, पलंगाच्या कडांना आणि खोलीच्या कोपऱ्यांत एक फेरी मारतो आणि अर्ध्या तासात पावती हातात ठेवतो, असा अनुभव अनेकांनी कळवला आहे. अशा फवारणीत औषध जमिनीला मिळते. ढेकूण मात्र जमिनीवर राहत नाही. त्याचे शरीर चपटे असते, आणि एटीएम कार्डाची कड शिरेल अशा कोणत्याही फटीत तो दिवस काढू शकतो. बॉक्सच्या पलंगात अशा फटी मोजता येणार नाहीत इतक्या असतात. म्हणून फवारणीच्या आधी पलंग सोडवावा लागतो, आणि हे काम घरच्यांनीच केलेले बरे.

त्यासाठी एखाद्या सुटीची सकाळ राखून ठेवावी. टॉर्च, स्क्रू-ड्रायव्हर, एक जुने एटीएम कार्ड, ओल्या कापसाचे बोळे आणि साबणाच्या पाण्याने अर्धे भरलेले पसरट भांडे घ्यावे. जमिनीवर पांढरी चादर अंथरावी, म्हणजे खाली पडलेले दिसेल. गादीपासून सुरुवात करावी. तिच्या चारही कडांना जी गोल पट्टी शिवलेली असते, ती अंगठ्याने उलटून टॉर्चच्या उजेडात सावकाश पाहावी. शाईच्या पेनाचे टोक टेकवल्यासारखे काळे ठिपके दिसले तर त्यांवर ओला कापूस फिरवावा. ठिपका तपकिरी होऊन पसरला तर ती ढेकणाची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त आहे, असे समजावे. आतून पोकळ, पिवळसर, आकाराने ढेकणासारख्याच पण फुंकरीने उडणाऱ्या टरफलांना पाहून फसू नये. त्या टाकलेल्या काती असतात. त्यानंतर पलंगाच्या फळ्या काढून त्यांची खालची बाजू, बिजागरे, स्क्रूची भोके, प्लायवुडच्या उघड्या कडा आणि सनमायका सुटलेल्या जागा पाहाव्यात. कार्डाची कड फटीतून ओढली की आत दडलेले बाहेर पडतात आणि ते थेट साबणाच्या पाण्यात ढकलता येतात. पोट भरलेला प्रौढ ढेकूण फुगून लांबट व गडद लाल होतो. उपाशी असेल तर मसुराच्या दाण्याएवढा, चपटा आणि तपकिरी असतो. हे करताना जो उग्र, गोडसर वास येतो तो ओळखीचा वाटला तर नवल नाही, कारण ढेकणाच्या वासातले काही घटक कोथिंबिरीतही असतात. कोथिंबिरीच्या इंग्रजी नावाचा उगम ढेकूण या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे, असे काही अभ्यासक मानतात. कोथिंबीर आवडणाऱ्यांनी हे मनाला लावून घेऊ नये.

पलंगानंतर डोक्याकडच्या भिंतीवरील तसबिरी व कॅलेंडरे, पडद्यांच्या वरच्या चुण्या, पलंगाजवळचा स्विचबोर्ड, खुर्चीच्या गादीचा तळ आणि दिवाण पाहावा. मोठी वस्ती असेल तरच ते छताजवळ सापडतात. बहुतेक ढेकूण झोपणाऱ्या माणसापासून एक-दोन मीटरच्या आतच घर करतात.

सापडलेल्या जागा व्हॅक्यूम क्लीनरच्या अरुंद नळीने ओढून घ्याव्यात आणि त्यातील पिशवी लगेच बांधून घराबाहेर टाकावी. चादरी, अभ्रे व खोळी शक्य असेल तर ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुवाव्यात आणि शिवणींवर कडक इस्त्री फिरवावी. या खोलीतून धुण्याच्या जागेपर्यंत कपडे नेताना ते पिशवीत बांधूनच न्यावेत. वाफ सोडणारे यंत्र मिळाले तर त्याचे तोंड सांध्याला जवळजवळ टेकवून अगदी सावकाश पुढे सरकवावे. झोत जोराचा असेल तर ढेकूण मरण्याऐवजी उडून दुसरीकडे पडतात. हे सर्व झाल्यावर, पलंग सोडवलेल्या स्थितीतच फटी, भोके आणि सांधे यांत फवारणी करून घ्यावी. ती वाळल्यावर लाकडाच्या फटी लांबीने (पुट्टीने) आणि भिंतीच्या भेगा पांढऱ्या सिमेंटने बुजवाव्यात.

नवी गादी जुन्याच पलंगावर टाकली, त्यामुळे तिचा उपयोग झाला नाही. गादी चांगली असेल तर ती फेकण्याची गरज नसते. तिला सर्व बाजूंनी बंद होणारी, बारीक चेनची खोळ चढवून ती वर्षभर उघडू नये, म्हणजे आत राहिलेले आतच मरतात आणि बाहेरच्यांना लपायला शिवण उरत नाही. कापसाची गादी पिंजून घेतल्याने ढेकूण जातातच असे नाही, आणि पिंजणाऱ्याच्या दुकानात त्यांना इतर घरांच्या गाद्या भेटतात, हेही ध्यानात ठेवावे.

आणखी एक चूक घरोघरी होते. चावे सुरू झाले की मंडळी दुसऱ्या खोलीत झोपायला जातात. ढेकूण आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आणि अंगाच्या उबेच्या मागावर येतो; पलंग रिकामा दिसला की तो शोधायला निघतो आणि एका खोलीचे ढेकूण दोन खोल्यांत जातात. उपचार चालू असताना झोपण्याची जागा बदलू नये. घराला कुलूप लावून महिनाभर गावी गेल्यानेही ते उपासमारीने मरत नाहीत, कारण प्रौढ ढेकूण अन्नाविना काही महिने सहज तग धरतो.

औषधाच्या जोराविषयीही थोडे सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीने ढेकणांचा निकाल लावला, असे वाटले होते. परंतु १९४७ सालीच हवाई बेटांवरील पर्ल हार्बरच्या बराकींत डीडीटीला दाद न देणारे ढेकूण सापडले. पुढे मलेरियाविरोधी मोहिमांत भारतासह अनेक देशांत घरोघर डीडीटी फवारली गेली, तेव्हा डास कमी झाले पण ढेकूण वाढले, अशी तक्रार करून लोक फवारणी करणाऱ्यांना दारातूनच परत पाठवू लागले. आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांसारख्या पायरेथ्रॉइड गटातील औषधांचीही तीच गत होते आहे. म्हणून दोन्ही फवारण्यांमध्ये कोणते औषध वापरले, हे विचारून घ्यावे, आणि पहिल्याचा परिणाम दिसला नसेल तर दुसऱ्या वेळी वेगळ्या गटातील औषध मागावे. व्यावसायिक फवारणी करणाऱ्याकडे कीटकनाशक अधिनियम, १९६८ खालील परवाना असावा लागतो. तो पाहायला मागण्यात संकोच बाळगू नये.

राहिला स्वच्छतेचा प्रश्न. आपण घर लख्ख ठेवता, हे आपल्या आरोग्यासाठी उत्तमच आहे, पण ढेकणाला त्याचे सोयरसुतक नाही. झुरळाला खरकटे लागते. ढेकणाला केवळ आपण लागतो. लक्ष्मी कमळात, शंकर हिमालयात आणि विष्णू क्षीरसागरात झोपतो तो ढेकणांच्या धास्तीनेच, असे सांगणारा एक संस्कृत श्लोक आहे. देवादिकांच्या घरीही ज्याची धास्ती होती, त्यावरून कोणा गृहिणीला बोल लावण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मी शेतकरी असून धान्यात टाकायच्या सल्फासच्या गोळ्या आमच्या घरी असतात. शेजारी सांगतात की, दोन गोळ्या खाटेखाली ठेवून दार बंद केले की रात्रीत ढेकूण साफ होतात. हे करावे का? नाहीतर उन्हात टाकणे किंवा रॉकेल ओतणे, यांपैकी काय चांगले? — एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : गोळ्यांविषयी आधी आणि निःसंदिग्धपणे सांगतो : कदापि करू नये. एक गोळीसुद्धा नाही, घर रिकामे असले तरी नाही.

या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतील ओलाव्याशी संबंध आला की त्यांतून फॉस्फिन नावाचा वायू सुटतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम. हवाबंद कोठारात धान्याचे कीटक मारण्यासाठी तो बनवलेला आहे आणि तो ढेकणाला मारतो, हे शेजाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. पण तो माणसालाही तितक्याच खात्रीने मारतो. बंद दाराच्या फटीतून, कौलांच्या मधून, दोन खोल्यांच्या सामाईक भिंतीच्या भेगेतून तो शेजारच्या खोलीत झिरपतो. विषबाधेची लक्षणेही फसवी असतात : मळमळ, उलट्या, पोटात दुखणे, छातीत दडपण. शिळे अन्न बाधले असे समजून घरचे लोक त्याच खोलीत परत झोपतात. या वायूवर उतारा देणारे औषध अद्याप नाही. ढेकणांसाठी अशा गोळ्या ठेवल्याने कुटुंबातील, बहुतेक वेळा लहान मुले, दगावल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात, आणि त्यांत गोळी आपल्या घरी न ठेवलेले, केवळ शेजारी राहणारे लोकही असतात. जर कोणी अशी गोळी ठेवलीच असेल तर तिच्यावर पाणी ओतू नये, कारण पाण्याने वायू अधिक वेगाने सुटतो. सर्वांनी, शेजाऱ्यांसह, ताबडतोब मोकळ्या हवेत यावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांना गोळीचे नाव न लपवता सांगावे. आपल्या घरी असलेल्या गोळ्यांबाबत माझा आग्रह असा की, राहत्या घरातून त्या आजच हलवाव्यात आणि त्यांचे काय करावे हे तालुका कृषी कार्यालयात विचारावे. त्या सर्वसामान्य ग्राहकाला विकण्यावर कायद्याने निर्बंध आहेत, ते याच कारणासाठी.

रॉकेलविषयी माझा आवाज थोडा खाली येतो, कारण आमच्याही घरी ते होत असे. रविवारी सकाळी खाटा चाळीच्या चौकात काढायच्या, माचव्याच्या खाचांत पिसाने रॉकेल सोडायचे आणि मग खाट उभी करून दणादण आपटायची. खाली पडलेल्यांना चपलेने टिपण्याचे काम आम्हा मुलांकडे असे. अंगावर थेट पडले तर रॉकेलने ढेकूण मरतो, पण ते उडून गेल्यावर फटीत काहीही उरत नाही. शिवाय रॉकेल मुरलेले लाकूड आणि कापूस असलेल्या खोलीत रात्री डासांची अगरबत्ती लावणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. लोखंडी खाट असेल तर ती अंगणात नेऊन सांध्यांवर उकळते पाणी अगदी जवळून, बारीक धारेने ओतणे हा त्याहून चांगला मार्ग आहे. लाकडी खाट मात्र त्याने फुगते.

उन्हाने ढेकूण मरतात हे खरे आहे, पण ते अर्धेच खरे आहे. ढेकूण व त्याची अंडी मरण्यासाठी ५० अंशांच्या वर तापमान त्यांच्यापर्यंत पोहोचावे लागते. ४५ अंशांना मोठे ढेकूण दीड-दोन तासांत मरतात, अंडी मात्र अनेक तास टिकून राहतात. विदर्भातल्या मे महिन्यात हवाच ४५ अंशांपर्यंत जाते, पण जाड गादीचा आतला भाग तितका तापत नाही, आणि वरची बाजू तापू लागली की ढेकूण मुकाट्याने खालच्या सावलीत सरकतो. तेव्हा गादी उन्हात टाकून समाधान मानू नये. गोधड्या, चादरी, कपडे अशा पातळ वस्तू काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सैलसर भरून, तोंड घट्ट बांधून, सिमेंटच्या गच्चीवर किंवा पत्र्यावर पसरट ठेवाव्यात आणि दोन-तीन तासांनी उलटाव्यात. पिशवी बंद असल्यामुळे ढेकणाला सावली शोधायला बाहेर जाता येत नाही, आणि खरी गोम तीच आहे. एखादा साधा तापमापक कपड्यांच्या मध्यभागी ठेवून तो ५० च्या पुढे गेल्याची खात्री करता आली तर उत्तम. पावसाळ्यात आणि थंडीत या उपायावर विसंबू नये.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात एका खासगी वसतिगृहात राहतो. त्याच्या अंगावर गांधी उठतात, पण त्याच्या खोलीतील दुसऱ्या मुलाला काहीच होत नाही, म्हणून व्यवस्थापक म्हणतात की हे ढेकूण नव्हेत. दिवाळीत तो घरी येईल तेव्हा सोबत ढेकूण येऊ नयेत यासाठी काय करावे? — एक आई, सांगली

उत्तर : व्यवस्थापकांचा तर्क टिकत नाही. ढेकूण चावताना आपल्या लाळेतून रक्त गोठू न देणारी व वेदना जाणवू न देणारी द्रव्ये सोडतो, आणि गांधी उठते ती या लाळेवरची शरीराची प्रतिक्रिया असते. ती व्यक्तीगणिक बदलते : काहींना काही तासांत उठते, काहींना काही दिवसांनी, आणि बऱ्याच लोकांना मुळीच उठत नाही. एकाच खोलीतल्या दोन मुलांपैकी एकाचे अंग फुलून यावे आणि दुसऱ्याने निवांत झोपावे, हे नेहमीचेच दृश्य आहे. त्याच कारणाने केवळ गांधी पाहून ‘ढेकूणच’ असेही म्हणता येत नाही; डास, पिसवा, खरूज आणि पित्त यांच्याही गांधी तशाच दिसतात. आपल्या मुलाला सांगावे की, वर वर्णन केलेली तपासणी त्याने स्वतःच्या पलंगाची करावी, ठिपके किंवा ढेकूण सापडल्यास मोबाइलवर छायाचित्र काढावे, आणि तक्रार लेखी करावी. छायाचित्रासमोर तर्क चालत नाहीत. उपचार करायचा तर तो एका पलंगाचा नव्हे, संपूर्ण खोलीचा आणि लगतच्या खोल्यांचाही व्हायला हवा.

दिवाळीच्या प्रवासाविषयी आपली काळजी रास्त आहे. ढेकणाला पंख नसतात, त्याला उडी मारता येत नाही. तो एका गावाहून दुसऱ्या गावी जातो तो आपल्या सामानातूनच, आणि एक फळलेली मादी सुद्धा नवी वस्ती सुरू करायला पुरेशी असते. वसतिगृहात बॅग पलंगाखाली न ठेवता उंच टेबलावर, तोंड बांधलेल्या मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवावी. निघण्याच्या दिवशी धुतलेले, इस्त्री केलेले कपडे थेट नव्या पिशवीत भरावेत. घरी आल्यावर बॅग दिवाणावर टाकण्याचा मोह आवरून ती गच्चीत, अंगणात किंवा न्हाणीघरात उघडावी. कपडे तिथूनच गरम पाण्यात जावेत आणि बॅगेच्या शिवणी, चाकांजवळचे खळगे व अस्तराच्या आतली बाजू टॉर्चने पाहावी. वह्या-पुस्तके धुता येत नाहीत. शंका असेल तर ती पिशवीत बंद करून उणे १८ अंश तापमान राखणाऱ्या डीप फ्रीझरमध्ये चार पूर्ण दिवस ठेवावीत. एकदारी जुन्या फ्रिजमधील बर्फाचा कप्पा पुष्कळदा तितका थंड होत नाही. आपला मुलगा या सगळ्याला कंटाळेल, हे मला ठाऊक आहे; पण फराळाचे ताट पुढे करण्याआधी बॅग बाहेर ठेवून घेणे कोणत्याही आईला जमण्यासारखे आहे.

प्रश्न : घरात सात महिन्यांचे बाळ आहे. ढेकणांमुळे बाळाला काही रोग होईल का? आणि फवारणी केली तर ती बाळाला बाधेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : ढेकणाच्या चाव्यातून माणसाला एखादा रोग होतो, असे आजवर सिद्ध झालेले नाही, एचआयव्ही आणि कावीळ यांविषयीची भीतीही निराधार आहे. ही शंका जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासमध्ये पॅटन या संशोधकाने काळा आजार ढेकणांमार्फत पसरत असावा असे मांडले होते आणि कित्येक वर्षे ते गांभीर्याने तपासले गेले; १९४२ साली स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी तो आजार वालुमाशीच्या चाव्यातून होतो हे दाखवून दिल्यावर ढेकूण त्या आरोपातून सुटला. बाळाला खरा त्रास होतो तो खाजेचा, खाजवून झालेल्या जखमा चिघळण्याचा आणि झोपमोडीचा. वस्ती फार मोठी असेल आणि दीर्घकाळ राहिली तर रक्त कमी होण्याचाही धोका असतो. चाव्याची जागा साबण-पाण्याने धुऊन थंड ओले फडके ठेवावे, नखे कापलेली असावीत, आणि मलम किंवा औषध बालरोगतज्ज्ञांना विचारूनच द्यावे.

बाळाच्या खोलीत मी पहिला भर औषधाविना उपायांवर देईन : वाफ, व्हॅक्यूम, गरम पाणी, बंद खोळ. बाळाचा पाळणा किंवा पलंग भिंतीपासून वीतभर दूर ओढावा, चादर जमिनीला टेकू देऊ नये, आणि पलंगाचा प्रत्येक पाय साबणाचे पाणी घातलेल्या वाटीत ठेवावा. घरातील जुन्या माणसांना ही युक्ती मुंग्यांसाठी माहीत असते. दर आठवड्याला वाट्या घासून पाणी बदलायला विसरू नये, नाहीतर ढेकणांच्या बंदोबस्तात डेंगीच्या डासांची पैदास व्हायची. नुसती रिकामी काचेची किंवा स्टीलची वाटी पुरत नाही, कारण आपल्याकडे उष्ण प्रदेशातला जो ढेकूण अधिक आढळतो तो गुळगुळीत पृष्ठभागावर त्याच्या थंड प्रदेशातल्या भावंडापेक्षा बराच चांगला चढतो.

फवारणी अटळ ठरली तर डब्यावरील रंगीत त्रिकोण पाहावा. लाल त्रिकोण अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. लाल व पिवळा त्रिकोण असलेले काहीही घरात येऊ देऊ नये. गादीच्या वरच्या पृष्ठभागावर, बाळाच्या कपड्यांवर, खेळण्यांवर आणि पाळण्यावर फवारणी होता कामा नये. बाळाने त्या खोलीत किती तासांनी परतावे हे डब्यावर लिहिलेले असते. मी तरी ती रात्र बाळाला आजीकडे ठेवीन आणि परतण्याआधी खिडक्या काही तास उघड्या टाकीन. पूर्वी घराघरांत असणाऱ्या कडक वासाच्या बाटल्या कोणी ‘खात्रीचे औषध’ म्हणून आणून दिल्या तर त्या घेऊ नयेत; शेतावरची औषधे तर नाहीच नाही.

प्रश्न : डांबरगोळ्या, कडुलिंबाचा पाला, वेखंड, निलगिरीचे तेल, धुराचे बाँब यांपैकी कशाने ढेकूण जातात? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : एकानेही घरातली वस्ती निघत नाही. तेले अंगावर थेट पडली तर काही ढेकूण मरतात. डांबरगोळ्यांनी माणसाचेच डोके दुखते. धुराचा बाँब खोलीभर पसरतो, पण फटीत शिरत नाही, आणि उठून पळालेले ढेकूण पुढच्या खोलीत जातात. डासांच्या अगरबत्तीचा आणि यंत्राचा ढेकणांशी काही संबंध नाही.

प्रश्न : आमच्या इमारतीत एका घरात ढेकूण आहेत, पण ते कुटुंब कबूल करत नाही. आता शेजारच्या दोन घरांतही दिसू लागले आहेत. सोसायटीने काय करावे? — एक सचिव, मुंबई

उत्तर : ‘ढेकणासंगे हिरा भंगे’ ही म्हण आपल्याकडे वाईट संगतीसाठी वापरतात, आणि मला वाटते त्या कुटुंबाच्या मनात नेमकी हीच धास्ती असावी. सोसायटीने त्या घराचे नाव न घेता एक परिपत्रक काढावे, त्यात ढेकूण प्रवासातून, जुन्या फर्निचरमधून आणि पाहुण्यांच्या सामानातून कोणाच्याही घरी येतात हे लिहावे, आणि त्या जिन्यावरील सर्व घरांची तपासणी व फवारणी एकाच दिवशी, सोसायटीमार्फत ठरवावी. ढेकूण विजेच्या तारांच्या नळ्यांतून आणि पाइपांच्या भोवतालच्या भोकांतून भिंत ओलांडतात, म्हणून एका घराची फवारणी म्हणजे त्यांना शेजारी जाण्याचे आमंत्रण. वर, खाली आणि दोन्ही बाजूंची घरे एकत्र घ्यावीत. दुसरी फेरी बारा ते पंधरा दिवसांनी आणि तिची तारीख पहिल्याच दिवशी फलकावर लिहिलेली असावी. खर्च सामाईक निधीतून केल्यास कबुलीचा प्रश्नच उरत नाही. फवारणीनंतर सहा ते आठ आठवडे कोणाच्याही घरी नवा ठिपका, कात किंवा चावा आढळला नाही तरच काम संपले असे धरावे.

टाकून द्यायच्या गाद्या आणि सोफे यांसाठी मात्र आधीच नियम करावा. घराच्या आतच ते प्लॅस्टिकमध्ये पूर्ण गुंडाळून, चिकटपट्टीने बंद करून मगच जिन्यातून खाली न्यावेत, आणि कापडाला मोठी चीर देऊन त्यावर ‘ढेकूण आहेत’ असे ठळक लिहावे. तसे न लिहिता फाटकाजवळ ठेवलेली गादी तासाभरात कोणाच्या तरी घरी पोचते, आणि ते घर पुष्कळदा आपल्याच इमारतीच्या पहारेकऱ्याचे असते.